एकाच घरच्या दोन गाड्या

प्रियदर्शिनी ओव्हाळ पौडची. एसटी स्टँडच्या मागे, विहाराला लागून ओव्हाळांची सात-आठ घरं आहेत, त्यांतलं एक तिचं. वडील साहेबराव तहसील कचेरीत शिपाई होते, आता निवृत्त. आई ती शाळेत असतानाच गेली, आणि तिला वाढवलं ते अनुसया आत्यानं. आत्याचा नवरा लवकर वारला होता. ती मुलाला घेऊन भावाच्या शेजारीच राहायची. दोन्ही घरांमध्ये एकच भिंत. आत्याचा मुलगा विकी प्रियदर्शिनीपेक्षा लहान, तिच्या बोटाला धरून शाळेत जाणारा, तिला ताई म्हणणारा.

पॉलिटेक्निकमधून ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करणारी ती त्या वस्तीतली पहिलीच मुलगी. पिरंगुटला वज्रांग मोटर्सच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तिला नोकरी लागली. वज्रांग म्हणजे रोजच्या गाड्यांची कंपनी: टेम्पो, लहान मोटारी आणि 'मैना' नावाची सात माणसांची व्हॅन. मुळशीत शाळेची पोरं, कंपन्यांचे कामगार, सोसायट्यांत कामाला जाणाऱ्या बायका, सगळी माणसं मैनांतून जायची. या वज्रांगनं काही वर्षांपूर्वी विलायतेतली एक जुनी, नावाजलेली कंपनी विकत घेतली होती. हॅलवर्थ. राजघराण्यांच्या दारात उभ्या असायच्या त्या गाड्या. त्यांचं वर्कशॉप मारुंजीजवळ उघडलं, तेव्हा पिरंगुटच्या केंद्रातून निवडून घेतलेल्यांत प्रियदर्शिनी होती.

ते वर्कशॉप तिला वर्कशॉप वाटायचंच नाही. जमिनीवर तेलाचा डाग नाही, कुठं हातोड्याचा आवाज नाही. ग्राहक काचेपलीकडच्या सोफ्यावर कॉफी पीत बसायचे. पहिल्याच आठवड्यात सर्व्हिस मॅनेजर कौस्तुभनं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "ग्राहकासमोर वज्रांगचं नाव काढायचं नाही."

"पण मालक तर तेच आहेत ना, सर?" प्रियदर्शिनीनं विचारलं.

"आहेत. आणि ग्राहकालाही ते माहीत असतं. पण आपण त्याला आठवण करून द्यायची नाही," कौस्तुभ म्हणाला. तो अमरावतीकडचा, मृदू बोलणारा. "हॅलवर्थ घेणारा माणूस शंभर वर्षांचं नाव घेतो. रस्त्यावरच्या मैनाशी आपल्या गाडीचं नातं आहे हे त्याला ऐकायचं नसतं. दोन्ही नावं एका घरात नांदवायची, पण एका पंगतीला बसवायची नाहीत. एवढंच आपलं काम."

तिला ते पटलं होतं. त्या नावाचा तिला अभिमानही वाटायचा. गळ्यात हॅलवर्थचं ओळखपत्र घालून ती पौडच्या चौकातून स्कूटरवरून जायची तेव्हा साहेबराव उगाचच दारात येऊन उभे राहायचे.

घरी मात्र ती नेमकं उलटं बोलायची. विकीला व्हॅन घ्यायची होती आणि त्याच्या मनात दुसऱ्याच कंपनीची होती. प्रियदर्शिनीनं त्याला बसवून समजावलं, "अरे, मैना आन् हॅलवर्थ एकाच घरच्या हायेत. वरचं रंगरूप येगळं, आतलं लोखंड तेच. माझ्या वळखीनं सवलत बी मिळंल." विकी हसून म्हणाला, "म्हंजी मी राजाची गाडी चालवनार म्हन की!" ताईच्या शब्दावर त्यानं मैना घेतली. रोज सकाळी तो पौडहून बायकांना घेऊन भुकूम-भूगावच्या सोसायट्यांत सोडायचा आणि दुपारी परत आणायचा. त्या बायकांत त्याची आईही असायची. अनुसया भुकूमच्या दोन घरांत स्वयंपाक करायची.

मार्च संपता संपता एका सकाळी कौस्तुभनं दार लावून बैठक घेतली. हॅलवर्थची सरकत्या दारांची एक मोठी, आलिशान गाडी होती. बडे लोक तिच्यात मागं पाय पसरून बसायचे. त्या दाराच्या लॉकमध्ये दोष सापडला होता. आतला प्लॅस्टिकचा दात उन्हानं सैल व्हायचा. दार लागल्याचा आवाज यायचा, दार उघडं असल्याचा समोरचा दिवाही विझायचा, पण दार खरं अडकलेलं नसायचं. वळणावर भार आला तर ते उघडू शकत होतं.

"आपल्या प्रत्येक ग्राहकाला आजच फोन करायचा," कौस्तुभ म्हणाला. "गाडी आपण घरून आणायची, लॉक बदलून घरी पोचवायची. दोष वगैरे शब्द वापरायचा नाही. दाराची मोफत सुधारणा म्हणायचं."

दुपारी नव्या लॉकची खोकी आली. विश्राम मिस्त्रीनं एक उघडलं, लॉक बाहेर काढलं आणि प्रियदर्शिनीच्या हातावर ठेवलं. विश्रामही पिरंगुटहून तिच्याबरोबरच आलेला. तो नुसता तिच्या तोंडाकडं बघत राहिला. पिरंगुटला असताना त्या दोघांनी हेच लॉक मैनांना कितीदा बसवलं होतं. आकार तोच, भोकं तीच, घडवणारा कारखाना तोच. फक्त खोकं निराळं होतं.

ती तडक कौस्तुभच्या केबिनमध्ये गेली.

"सर, हेच लॉक मैनाला आहे."

त्यानं मान वर केली नाही. "माहीत आहे."

"मग मैनावाल्यांना कोण कळवणार?"

"मैनाचं मैनावाले बघतील. रस्त्यावर लाखांनी आहेत त्या. एकदम जाहीर केलं तर गोंधळ होईल, आणि पेपरात हॅलवर्थचं नाव त्यांच्याबरोबर छापून येईल. त्यांचे भाग तयार होतायत. सर्व्हिसला आल्या की बदलतील." मग तो आवाज थोडा खाली आणून म्हणाला, "प्रियदर्शिनी, हे खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही. ग्राहकसेवेची प्रमुख म्हणून मी तुझं नाव वर पाठवलंय. आत्ता काही वेडंवाकडं करू नकोस."

ती "बरं सर" म्हणाली. पुढे तिनं स्वतःला पुष्कळ बोल लावले, पण मुळात घडलं ते एवढंच, ती "बरं सर" म्हणाली. संध्याकाळी स्कूटरवरून घोटवड्याच्या रस्त्यानं घरी येताना तिनं मनाशी हिशेब मांडला, विकीची मैना पावसाच्या तोंडावर सर्व्हिसला जाणारच आहे. तेव्हा पिरंगुटच्या ओळखीच्या माणसाला सांगून लॉक बदलून घेऊ. विकीला कारण सांगायला नको. त्याला सांगितलं म्हणजे स्टँडवर सगळ्यांना कळणार आणि बोट आपल्याकडं येणार. शिवाय ही गाडी त्याच्या गळ्यात आपणच घातलेली, हेही होतं.

दिवसभर ती फोनवर गोड आवाजात हॅलवर्थच्या मालकांना गाडी कधी पाठवू म्हणून विचारायची. घरी आल्यावर भिंतीपलीकडं विकीची गाडी लागल्याचा आवाज ऐकायची आणि टीव्ही मोठा करायची.

जयंतीच्या आदल्या दिवशी तिची स्कूटर बंद पडली. विकीनं तिला मैनातून मारुंजीला सोडलं. त्या दिवशी बायकांना सुट्टी होती, गाडी रिकामी होती. ती मुद्दाम मागं, सरकत्या दारापाशी बसली. विकी मिरवणुकीबद्दल बोलत होता, आईला नवीन साडी घेतल्याचं सांगत होता. माणच्या पुढे एक वळण आलं आणि तिनं दाराची कडी गच्च धरली.

"काय गं ताई, भ्या वाटतंय व्हय?" विकीनं आरशातून बघत विचारलं.

आत्ता सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण उतरताना ती एवढंच म्हणाली, "दार जरा नीट लावत जा रे."

"लावतोय की," तो म्हणाला आणि निघून गेला.

मे महिन्यात, भर उन्हाच्या दुपारी, भुकूमहून परत येताना पिरंगुटच्या घाटात मैनाचं दार उघडलं. दारापाशी अनुसया बसली होती. भाजीची पिशवी मांडीवर घेऊन, दाराला रेलून, डुलकी लागलेली. वळणावर दार मागं सरकलं आणि ती बाहेर फेकली गेली. मागून येणाऱ्या टेम्पोनं कसाबसा ब्रेक लावला म्हणून जीव वाचला. खुब्याचं हाड मोडलं, डाव्या हाताची सालटी निघाली.

प्रियदर्शिनीला फोन आला तेव्हा ती एका हॅलवर्थच्या किल्ल्या ग्राहकाच्या हातात देत होती. ती दवाखान्यात पोचली तर बाहेरच्या व्हरांड्यात सगळी वस्ती जमलेली. गाडीतल्या बायका सांगत होत्या, विकीनं घाई केली, दार नीट लावलंच नसणार. विकी भिंतीला टेकून उभा होता, शर्टाला आईचं रक्त.

"म्या दार लावलं व्हतं," तो पुन्हापुन्हा म्हणत होता. "आवाज आला व्हता. दिवा बी गेला व्हता. म्या पायलं व्हतं."

साहेबराव पुढे झाले आणि त्यांनी भाच्याच्या थोबाडीत मारली. "दिवा गेला व्हता म्हनं! सख्ख्या आईला रस्त्यावर टाकलीस, आन् वर तोंड करून बोलतोस?"

विकीनं गालावर हात ठेवला नाही. त्यानं प्रियदर्शिनीकडं पाहिलं. "ताईनं बी सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "दार नीट लावत जा म्हनली व्हती मला. म्या ध्यान दिलं न्हाई."

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. कुणीतरी म्हणालंसुद्धा, शिकलेल्या पोरीचं ऐकलं असतं तर. प्रियदर्शिनीनं खाली मान घातली. सगळ्यांना ते दुःख वाटलं.

त्या दिवसापासून विकीनं गाडीला हात लावला नाही. मैना घरामागं ताडपत्रीखाली गेली. तो हिंजवडीत एका इमारतीवर राखणदार म्हणून जाऊ लागला. येता-जाता कुणाशी बोलेना. पहिल्यांदा तो म्हणायचा, दार लावलं होतं. पावसाळ्यापर्यंत तो म्हणू लागला, लावलं असंल असं वाटलं मला. नंतर तेही म्हणेनासा झाला. त्याची खात्री हळूहळू मरताना प्रियदर्शिनी भिंतीच्या अलीकडून ऐकत होती.

तिनं केलं नाही असं काही उरलं नाही, खरं सांगणं सोडून. आत्याला उठवणं-बसवणं, वॉकर धरून अंगणात फिरवणं, औषधं, डबा. आत्या तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं करतीस गं." तो हात डोक्यावर असेपर्यंत ती श्वास रोखून बसायची. रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, तिचा आवाज बसायचा. ती ओठ हलवायची, शब्द काढायची नाही. आपण कुठं खोटं बोललो, आपण तर काहीच बोललो नाही, असं एकदा तिनं स्वतःला समजावून पाहिलं. ते स्वतःलाच इतकं किळसवाणं वाटलं की पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

दरम्यान ग्राहकसेवेची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली. टेबलावर नावाची पाटी आली.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात कल्पना नावाच्या एक बाई वर्कशॉपला आल्या. भूगावच्या टेकडीवर त्यांचा बंगला. एप्रिलमध्ये त्यांच्या गाडीचं लॉक बदललं होतं. सर्व्हिसला येताना मिठाईचा डबाही घेऊन आल्या.

"तुमचं फार कौतुक वाटतं मला," त्या मनापासून म्हणाल्या. "मी तक्रारसुद्धा केली नव्हती. तुम्हीच फोन केलात, घरून गाडी नेलीत. किती काळजी घेता माणसाची! माझी नातवंडं बसतात हो त्या दारापाशी."

प्रियदर्शिनीनं डबा घेतला. बाई गेल्यावर ती गाडी धुण्याच्या जागेमागं जाऊन उभी राहिली. विश्राम तिथं हात धूत होता. त्यानं विचारलं, "आत्या कशी हाय?" ती म्हणाली, "चालतीय थोडी." तो म्हणाला, "मॅडम, मला बी झोप येत न्हाई." एवढंच. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी आली.

विकी नुकताच कामावरून येऊन अंगणात पाय धूत होता. ती सरळ घरामागं गेली आणि ताडपत्री ओढून काढली.

"काय करतीस?" तो धावत आला. "त्या गाडीला हात लावू नगंस."

"आत बस. दार तू लाव. तुझ्या हातानं."

तो बसेना. तिनं त्याचा दंड धरून बसवलं. त्यानं दार ओढलं. ठक्क असा आवाज झाला. समोरचा दिवा विझला. बाहेर ऊन होतं आणि बंद गाडीचा पत्रा तापला होता.

"आता खांद्यानं दाब."

विकीनं खांदा लावला. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा त्यानं चिडून जोर दिला आणि दार रुळावरून सरकत मागं गेलं. तो तसाच, एक हात सीटवर टेकून, उघड्या दाराकडं बघत राहिला.

"म्या लावलं व्हतं," तो हळू म्हणाला.

"व्हय. लावलं व्हतंस. लॉकच खराब हाय. आमच्या मोठ्या गाड्यांना बी हेच व्हतं. आमी त्ये बदललं."

"कधी?"

"मार्चात. आत्या पडायच्या आधी. मला ठाव व्हतं, विकी."

तो गाडीतून उतरला नाही. मग त्यानं विचारलं, "मामा मला मारत व्हता तवा तू तितंच उभी व्हतीस न्हवं?"

"व्हय."

"आन् मी म्हनलं, ताईनं सांगितलं व्हतं. तवा बी?"

"तवा बी."

तो उठला, तिच्या बाजूनं गेला. तिला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तो घरात जाऊन आईच्या खाटेपाशी जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

अनुसयानं खिडकीतून सगळं ऐकलं होतं. प्रियदर्शिनी दारात आली तशी ती म्हणाली, "आत येऊ नगंस आत्ता."

"आत्या, मी..."

"माझं हाड मोडलं, त्ये जुळलं. ह्या पोराचं काय केलंस तू? चार-पाच मैनं त्यो मला तोंड दावत न्हवता." तिनं विकीच्या केसांवर हात ठेवला. "माफी मला मागू नगंस. समद्यांनी त्याला दोष दिलाय. समद्यांसमोर सांग त्याचा दोष न्हवता म्हनून. मंग बघू."

धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी विहार भरला होता. वंदना झाल्यावर प्रियदर्शिनी उभी राहिली. तिनं काही लपवलं नाही. लॉकचं सांगितलं, बढतीचं सांगितलं, मारुंजीच्या रस्त्यावर जीभ कशी अडखळली तेही सांगितलं. बोलताना ती विकीकडं बघत होती, तो जमिनीकडं. पुढच्या रांगेत साहेबराव होते. ते उठले, सगळ्यांतून वाट काढत भाच्यापाशी गेले आणि त्याच्या पायांना हात लावायला वाकले. विकीनं त्यांचे हात मधेच धरले. मुलीकडं मात्र साहेबरावांनी पाहिलं नाही. पुढं महिनाभर ते तिच्याशी बोलले नाहीत. ताट वाढून ठेवायचे, दुसऱ्या खोलीत जायचे.

दुसऱ्या दिवशी ती पौडच्या स्टँडवर गेली आणि तिथल्या प्रत्येक मैनावाल्याला दार दाबायला लावलं. काहींची दारं घट्ट होती, काहींची सुटली. दुपारपर्यंत पिरंगुटच्या सर्व्हिस सेंटरसमोर मैनांची रांग लागली. बातमी पेपरात आली, आणि कौस्तुभला ज्याची भीती होती तेच झालं, दोन्ही नावं एका ओळीत छापली गेली. हॅलवर्थचे ग्राहक फोन करून विचारू लागले, आमच्या गाडीत अजून कायकाय व्हॅनचं आहे? आठवड्याभरात कंपनीनं सगळ्या मैना लॉक बदलायला बोलावल्या.

कौस्तुभनं तिला केबिनमध्ये बोलावलं. तो रागावला नव्हता, थकलेला दिसत होता. "राजीनामा दिलास तर बरं होईल. मला काढायला लावू नकोस."

तिनं दिला. निघताना तो म्हणाला, "तुला वाटतं मला काहीच वाटत नव्हतं?"

"वाटत असेल, सर. मलाही वाटत होतं. त्याचा आत्याला काही उपयोग झाला नाही."

आता ती पिरंगुटला एका खाजगी गॅरेजमध्ये काम करते. अनुसयानं ग्राहक आयोगात दावा लावला आहे आणि प्रियदर्शिनी तिची साक्षीदार आहे. विकी पुन्हा मैना चालवतो, नवीन लॉक बसवलेली. पहिले काही दिवस बायका दारापाशी बसायला कचरत होत्या, आता बसतात. तो प्रियदर्शिनीशी कामापुरतं बोलतो. ताई म्हणत नाही. आत्या तिला घरात येऊ देते, हातचा चहा घेते, पण डोक्यावरून हात फिरवत नाही.

गेल्या महिन्यात पुण्यात साक्ष झाली. कंपनीचा वकील तरुण, हुशार. त्यानं कंपनीबद्दल फारसं विचारलंच नाही.

"तुम्हाला दोष माहीत होता. गाडी तुमच्या भावाची होती. तुम्ही त्या गाडीत बसलात, तरी सांगितलं नाहीत. म्हणजे ही दुर्घटना तुम्ही एका वाक्यानं टाळू शकला असतात. बरोबर?"

आत्याच्या वकिलानं हरकत घेतली. पण प्रियदर्शिनी थांबली नाही.

"बरोबर," ती म्हणाली. "मी टाळू शकले असते. कंपनीही टाळू शकली असती. दोघांचंही लिहून घ्या."

आयोगाच्या अध्यक्षांनी पुढची तारीख दिली. परतीच्या वाटेवर विकी गाडी चालवत होता, अनुसया पुढं, प्रियदर्शिनी मागं. चांदणी चौक गेला, भूगाव गेलं, भुकूम गेलं. पिरंगुटला तिच्या गॅरेजसमोर त्यानं गाडी थांबवली. ती उतरली, दार ओढून लावलं.

विकी समोर बघतच म्हणाला, "फुडच्या तारखंला येनार न्हवं?"

"येणार."

"मंग सकाळी दारात तयार ऱ्हा. मी थांबनार न्हाई."

अनुसया काचेतून तिच्याकडं बघत होती. गाडी पौडच्या रस्त्याला लागली, आणि प्रियदर्शिनी गॅरेजात जाऊन कामाला लागली.